एकशे एक्क्याऐंशी पावलं

"चौथ्या आकड्यात नानांची चूक झालीय," पारसभाई हळूच म्हणाले.

नाना, तुम्हाला जाऊन तिसरा दिवस होता. ओसरीवर सतरंजी घातली होती आणि भेटायला आलेली माणसं माना खाली घालून बसली होती. आपल्या कोड्यांच्या बैठकीतल्या पारसभाईंनी खिशातून तुमचं पोस्टकार्ड काढून मांडीवर धरलं होतं. शेजारी आबा होते, पिंपळनेरहून पहिल्या एस.टी.नं आलेले, धोतरावर रस्त्याची धूळ तशीच.

"चौथ्यात आणि सातव्यात," पारसभाई पुढं म्हणाले. "दोनच जागी हं. बाकी फर्स्ट क्लास. आधी पंधरानं कमी, मग अठरानं, मग एकवीसनं. पुढचा आकडा सत्तावन्न."

"नाना अन् चुकी?" आबा म्हणाले. "माले पटत नही."

"आजारी होते ना, आबा. हात थरथरला असेल."

"हात थरथरी. डोकं कसं थरथरी?"

समोरच्या एका गृहस्थांनी वर पाहिलं, तसं पारसभाईंनी कार्ड उलटं केलं. मी बायकांबरोबर दाराच्या आतल्या बाजूला उभी होते. मला रडू आलं नाही, नाना. अंगावर काटा आला. कारण पारसभाई जे म्हणत होते ते सगळं, शब्दाला शब्द, मी पाच दिवसांपूर्वी तुम्हाला लिहून पाठवलं होतं. आणि ते कार्ड ज्या दिवशी तुमच्या हातात पडलं त्याच दिवशी तुम्ही गेलात, हे मला सकाळीच गल्लीतल्या गिरणीवाल्यानं सांगितलं होतं.

तुम्ही आम्हाला शेवटी काय पाठवलंत? नऊ आकडे. तीनशे, दोनशे पंच्याऐंशी, दोनशे सदुसष्ट, दोनशे साठ, दोनशे बावीस, एकशे पंच्याण्णव, एकशे एक्क्याऐंशी, एकशे बत्तीस, शहाण्णव. वर नमस्कार नाही, खाली सही नाही. एरवी तुमच्या प्रत्येक कार्डावर शेवटी प्रश्न असायचा. या कार्डावर प्रश्न नव्हता, हे माझ्या लक्षात आलं होतं. लक्षात येऊनही मी त्याचं काही केलं नाही. आकड्यांची ओळ दिसली की आपली माणसं दुसरं काही पाहतच नाहीत, आणि मी तर तुमच्याच हाताखाली शिकलेली.

दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत, स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून मी वजाबाक्या मांडल्या. दुपारपर्यंत नियम सापडला. प्रत्येक वेळी तीननं वाढत जाणारी घट. फक्त चौथा आणि सातवा आकडा बसत नव्हता. मग मी त्यांना बसवलं. दोनशे साठ खोडून दोनशे सेहेचाळीस केले, एकशे एक्क्याऐंशी खोडून एकशे पासष्ट. कार्डावर लिहिलं: "नाना, लिहिताना आपल्याकडून दोन चुका झाल्या आहेत. दुरुस्त केल्या. पुढचा आकडा सत्तावन्न, त्यापुढचा पंधरा. त्यानंतर उत्तर शून्याच्या खाली जातं, म्हणून मालिका तिथेच संपते." खाली मी रेघसुद्धा मारली होती. पट्टीनं.

मला वाटलं होतं, तुम्ही खूश व्हाल.

माझं तुमच्याकडं येणं तसं फसवणुकीनंच झालं होतं. वाचनालयाच्या फळ्यावर दर आठवड्याला तुमचं कोडं असायचं आणि खाली सूचना, "उत्तर तोंडानं सांगू नये, कार्डानं पाठवावं. दुसऱ्याचा आनंद दुसऱ्याला मिळू द्यावा." मी कॉलेजला जळगावला यायचे. कोडं उतरवून न्यायचे, उत्तर पाठवायचे आणि सहीच्या जागी नुसती आद्याक्षरं टाकायचे. तुम्ही दोन महिने मला "श्रीयुत" लिहीत होतात. तिसऱ्या महिन्यात रविवारच्या बैठकीचं निमंत्रण आलं. मी आले, तर तुम्ही चष्म्यावरून बघून म्हणालात, "अरे, श्रीयुत तर साडी नेसून आले!" सगळे हसले. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसले आणि पुढची तीन वर्षं तिथून हलले नाही.

बोलले तर कधीच नाही. इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी. मनात आकडे इंग्रजीत यायचे. मराठीत एकोणसाठ म्हणायला जावं आणि तोंडातून एकोणसत्तर निघावं, अशी धास्ती. म्हणून चिठ्ठी. मी चिठ्ठी लिहायचे, ती हातोहात पुढं जायची आणि तुम्ही ती उंच धरून सांगायचात, "दाराजवळून बातमी आलीय." मग माझं म्हणणं तुमच्या आवाजात खोलीभर व्हायचं. मला ते इतकं सवयीचं झालं होतं की माझा आवाज कसा असावा असं कोणी विचारलं असतं, तर मला तुमचाच आठवला असता.

पहिल्याच वर्षी आबांनी चिंचोके आणले होते. चौथी शिकलेला माणूस. टेबलावर एक चिंचोका ठेवला. त्याच्या कडेनं तीन लावले, मग पाच, मग सात, दर वेळी कोपरा धरून, आणि दर वेळी चौकट पुरी होत गेली. "हाई दख व माय," मला म्हणाले, "कोपरा लावत जा, चौकट तयार." एकापासून ओळीनं विषम संख्यांची बेरीज म्हणजे वर्ग, हे सूत्र मला शाळेपासून पाठ होतं. पाहिलं मात्र त्या दिवशी. माझं तोंड उघडं राहिलं असणार, कारण तुम्ही आबांना म्हणालात, "आबा, बी.एस.सी.ला घाम फोडलात." आणि आबा लाजून चिंचोके गोळा करायला लागले. तसली सुखं मला दुसरीकडं कुठं मिळाली नाहीत, नाना. घरी वडील विचारायचे, याचा उपयोग काय? तुम्ही उपयोगाचं नावही काढत नव्हतात.

भांडण आपलं एकच होतं. तुम्ही म्हणायचात, पुढचा आकडा कोणता हे आकडे कधीच सांगत नाहीत. आपल्याला जे सुंदर दिसतं ते आपण पुढं ठेवतो. मला ते पटायचं नाही. मग तुम्ही मला वर्तुळाचं कोडं घातलंत. वर्तुळावर ठिपके द्यायचे, प्रत्येक ठिपका प्रत्येकाशी जोडायचा, आत किती तुकडे पडतात ते मोजायचं. एक, दोन, चार, आठ, सोळा. सहाव्या वेळी मी न मोजताच बत्तीस लिहिलं. तुमचं उलट कार्ड: "मोज." मोजले, एकतीस. मी लिहिलं, आकृती चुकली असेल. तुम्ही पुन्हा लिहिलंत, "मोज." असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी चिडून कार्ड टाकलं: "एकतीसच आहेत. पण मला ते मान्य नाही."

त्यानंतरच्या बैठकीला तुम्ही आला नाहीत. सर्दी आहे म्हणून निरोप आला. पुढच्या रविवारीही तुमची खुर्ची रिकामी होती. तोवर मला ते नऊ आकड्यांचं कार्ड मिळालेलं होतं, उत्तरही पोस्टात पडलेलं होतं.

त्या तिसऱ्या दिवशी तुमच्या पत्नीनं, अक्कांनी, मला आतल्या खोलीत नेलं. तुमची कॉट उभी करून ठेवली होती. भिंतीवर कॅलेंडर होतं. "हे बघ," अक्का म्हणाल्या, "तुला यातलं कळतं म्हणून दाखवते." तारखांच्या चौकोनात, कोपऱ्यात, पेन्सिलीनं बारीक आकडे. तीनशे. दोनशे पंच्याऐंशी. दोनशे सदुसष्ट.

मी हात मागे घेतला.

"रोज उंबऱ्यापासून चालायला लागायचे," अक्का सांगत होत्या. "दम लागला की थांबायचे. किती पावलं झाली ती येऊन इथं लिहायचे. मी म्हटलं, अहो, जन्मभर मोजणी खात्यात लोकांची रानं मोजलीत, आता स्वतःला कशाला मोजताय? तर म्हणाले, माझाही नकाशा व्हायला हवा ना."

"चौथ्या दिवशी..." माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"कोणता? हा शनिवार? त्या दिवशी सुमन आली होती धुळ्याहून. लेकीला दाखवायला म्हणून जरा जास्तच चालले. आणि हा मंगळवार..." अक्कांनी सातव्या चौकोनावर बोट ठेवलं. "तेव्हा तुझं कार्ड आलं होतं ना? काय लिहिलं होतंस गं? वाचून इतके हसले, इतके हसले. ती मुलगी एकतिसावर रुसलीय म्हणाले. हसत हसतच बाहेर गेले. त्या दिवशी मलाही वाटलं, आता उतार पडतोय."

एकशे एक्क्याऐंशी. माझ्या नियमापेक्षा सोळा पावलं जास्त. तीच मी खोडली होती.

नवव्या दिवसानंतर चार चौकोन कोरे होते. डॉक्टरांनी उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं. आम्हाला पाठवलेली कार्डं तुम्ही पडूनच लिहिलीत आणि गिरणीवाल्याकडून पेटीत टाकलीत. मग पुढचा मंगळवार. "दुपारी पुन्हा तुझं कार्ड आलं," अक्का म्हणाल्या. "या वेळी हसले नाहीत. बराच वेळ धरून बसले. मग कोरं कार्ड मागून घेतलं, काहीतरी लिहिलं आणि उठले. म्हटलं, गिरणीवाल्याला हाक मारते. तर म्हणाले, नको, हे माझं मलाच टाकायचंय."

अक्कांचा माझ्यावर राग नव्हता. त्यांना ठाऊकच नव्हतं मी काय लिहिलं होतं ते. तुमच्या उशाखाली सापडलेलं माझं कार्ड त्यांनी मला परत दिलं, घडी न पाडता. त्यावरची ती रेघ मी पदराखाली धरली आणि बाहेर पडले.

मी ते करायला नको होतं, पण केलं. उंबऱ्याला टाच लावली आणि चालायला लागले. तुमचं पाऊल अडीच फुटांचं, चढावर असो की नांगरटीत. वाचनालयाच्या व्हरांड्यात खडूच्या रेघा ओढून तुम्ही माझ्याकडूनही ते घोटून घेतलं होतंत. भर उन्हाची वेळ, गल्लीत माणूस नव्हतं. कुठल्याशा घरात रेडिओ चालू होता, तोही मध्येच बंद झाला. तीस. चाळीस. माझ्या मागं कोणीतरी मोजतंय असं वाटलं. मराठीत, न चुकता. एकोणपन्नास, पन्नास. मी मान वळवली नाही. छप्पन्न. सत्तावन्न.

समोर पिठाच्या गिरणीची पायरी होती.

गिरणीवाल्यानं ती तीन दिवस झाडली नव्हती. पायरीवर पिठाचा पातळ थर होता. त्यावर बसल्याची खूण तशीच होती आणि शेजारी टेकलेल्या हाताची पाच बोटं.

"इथंच बसले," तो म्हणाला. "पाणी आणतो म्हटलं. तर म्हणाले, थांब, आधी आकडा लक्षात ठेव, सत्तावन्न. मी पाणी घेऊन आलो तोवर..."

"हातात कार्ड होतं?"

"नव्हतं, ताई. हात रिकामे होते."

टपालपेटी तिथून बरीच पुढं, कोपऱ्यावर. तुमच्या उंबऱ्यापासून दोनशे चाळीस पावलं. पाचव्या दिवसापासून तुम्ही एका दमात तिथवर पोचलाच नव्हतात.

त्या पायरीपाशी मी किती वेळ उभी होते कोणास ठाऊक. मी लिहिलं म्हणून तुम्ही सत्तावन्नावर थांबलात का? की जास्त चालून मला खोटं पाडायला निघाला होतात? की चालताना शेवटची दोन पावलं मीच लहान टाकली, माझा आकडा यावा म्हणून? मला खरंच सांगता येत नाही. नियम आकड्यांत नसतो, बघणाऱ्यात असतो, असं तुम्ही म्हणायचात. तेव्हा ते मला बोलायचं म्हणून बोललेलं वाटायचं. आता त्याची भीती वाटते.

शुक्रवारी दीपनगरला तुमचं कार्ड आलं.

पोस्टमननं ते फाटकावर ठेवलं. मी लांबूनच अक्षर ओळखलं आणि बराच वेळ हात लावला नाही. शिक्का बुधवारचा. तुम्हाला पोचवून आल्यानंतरचा. रस्त्यावर पडलेलं कार्ड कोणीही उचलून पेटीत टाकतं, आपल्याकडं ती रीतच आहे. मी स्वतःला हेच सांगते. पण गल्लीत कोणाला विचारावं तर कोणी मी टाकलं म्हणत नाही. कार्डाच्या मागच्या बाजूला पिठाचा पांढरा डाग आहे. अक्षर उताराला लागलंय, तरी प्रत्येक शब्द लागतो:

"चि. नलिनी, नियम फार सुंदर शोधलास. मी पडल्या पडल्या तोच शोधत होतो, मला सापडला नाही. पण चौथ्याचं आणि सातव्याचं ऐकणार नाही. रविवारी ये. या खेपेला चिठ्ठी घेणार नाही."

मालिका संपते म्हणून मी मारलेल्या रेघेबद्दल एक अक्षर नाही. त्याबद्दल तुम्ही मला रागावला असतात तर बरं झालं असतं, नाना. शोधलास म्हणून शाबासकी दिलीत, आणि ती मला सहन होत नाही. कॉलनीत यंत्रांची घरघर दिवसभर चालू असते, आम्हाला ती ऐकूही येत नाही. शुक्रवारपासून मला ती ऐकू येते, आणि तिच्या खाली कोणीतरी पावलं मोजत असतं.

आज रविवार. मी गेले.

खोली भरली होती. धुळ्याचेही दोघं आले होते. तुमची खुर्ची जागेवरच होती, तिच्यावर कोणी बसलं नव्हतं. फळ्यावर पारसभाईंनी सुरेख अक्षरात नऊ आकडे लिहिले होते. दोनशे साठच्या जागी दोनशे सेहेचाळीस. एकशे एक्क्याऐंशीच्या जागी एकशे पासष्ट.

"प्रेसवाल्याशी बोललोय," ते सांगत होते. "काळ्या किनारीचं कार्ड. वर 'नानांचं शेवटचं कोडं', खाली हे आकडे. टपालानं भाग घेणाऱ्या सगळ्यांना पाठवू. खर्च माझ्या दुकानाकडून."

"पण नानांनी लिहिलेलं वेगळं आहे ना?" धुळ्याचे एक जण म्हणाले.

"अरे भाई, म्हणूनच तर! मोठ्या माणसाची चूक छापून जाऊ नये. लोक काय म्हणतील, नानांना वजाबाकी येईना झाली? हे आपलं कर्तव्य आहे."

पारसभाईंच्या मनात तुमची अब्रू राखण्यापलीकडं काही नव्हतं. त्यांना कसं कळणार? कॅलेंडर मी पाहिलं होतं, त्यांनी नाही. ही कार्डं एकदा छापली गेली की सुमन आलेला तो शनिवार आणि तुम्ही हसत बाहेर पडलेला तो मंगळवार कायमचे पुसले जाणार होते, माझ्या नियमापायी. ज्यांच्यापाशी तुमची आठवण राहायची, त्यांच्यापाशी एक नेमानं खचत गेलेला माणूस राहणार होता.

"सगळ्यांना मान्य?" पारसभाईंनी विचारलं. "आबा?"

"माले पटत नही," आबा म्हणाले. "पन मन्हाकडे दुसरा जबाब नही."

पारसभाईंनी खडू खाली ठेवला आणि प्रेसला द्यायचा कागद पाकिटात घालायला घेतला.

माझी चिठ्ठी लिहून तयार होती. घरूनच लिहून आणली होती, दोन ओळींची. मी ती सवयीनं पुढं केली. पुढं बसलेल्यानं घेतली, त्याच्या पुढच्यानं घेतली, आणि ती तुमच्या खुर्चीपर्यंत जाऊन थांबली. कोणाला काय करावं ते कळेना. शेवटी कोणीतरी ती खुर्चीवर ठेवली. पंखा बंद होता. चिठ्ठी तिथं क्षणभर राहिली, मग घरंगळून खाली पडली, कोणीतरी घ्यायला नकार द्यावा तशी.

सगळे दाराकडं बघत होते. मी उठून उभी राहिले. खुर्चीचा पाय फरशीवर घासला आणि त्या आवाजानंच मी दचकले. पाकीट अजून पारसभाईंच्या हातात उघडंच होतं.

पहिला शब्द निघाला तेव्हा कोणाचा आवाज आहे ते मलाच कळलं नाही. बारीक होता. तुमचा नव्हता.

मी म्हणाले, "ती पावलं आहेत, पारसभाई. दम लागेपर्यंत नाना रोज जेवढी चालले, तेवढी. दोनशे साठ बरोबर आहे. एकशे एक्क्याऐंशी बरोबर आहे. त्या दिवशी नानांना बरं वाटत होतं. ते आकडे सगळ्यांत आधी मी खोडले, आणि तसं त्यांना लिहून कळवलं. चूक माझी आहे. त्यांचे आहेत तसेच छापा."